पाटी नसलेलं गॅरेज: आमच्या १९८६ च्या मॅसीचं इंजिन-काम, दोन हंगामांनंतर

शिरोळ तालुक्यात आमची साडेपाच एकर जमीन, बहुतेक सगळा ऊस. ट्रॅक्टर एकच, १९८६ ची मॅसी फर्ग्युसन १०३५, मामंजींनी नवी कोरी घेतलेली. २०२३ च्या उन्हाळ्यात तिचं सगळं इंजिन खोलून काम करून घेतलं. लिहायचं तेव्हापासून मनात होतं, पण मुद्दाम थांबले. पिस्टनला नव्या रिंगा घातल्या की पहिले दोन महिने कुठलंही इंजिन गोडच वाजतं. आता दोन पावसाळे गेले, दोन हंगाम गेले, भरणी झाली, पाचट कुट्टी झाली, भरल्या ट्रॉल्या ओढून झाल्या. आता खात्रीनं सांगता येईल.

गॅरेजला पाटी नाही. जयसिंगपूरच्या अलीकडं रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, पुढं एक बाभूळ आणि बाभळीखाली कायम दोन-तीन खोललेले ट्रॅक्टर. मिस्त्री साठीच्या पुढचे. मी लिहिणार आहे म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली, नाव आणि नंबर टाकायचा नाही. "आहे तेच काम वेळेत होईना, वहिनी." म्हणून नाव देत नाही. पण काम कसं झालं ते सगळं सांगते, कारण जुना ट्रॅक्टर दारात असलेल्या माणसाला गॅरेजात काय विचारायचं आणि काय डोळ्यांनी बघायचं हेच माहीत नसतं. मलाही नव्हतं, आणि त्यापायी साडेतीन वर्षं गेली.

सुरुवात पुरापासून. ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. आमच्याकडं नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. दोन्ही नद्या फुगल्या की पाणी उतरायचं नाव घेत नाही. आम्ही जनावरं सोडवून बाहेर पडलो, मॅसी गोठ्याशेजारी राहिली. आठ दिवसांनी आलो तर बॉनेटवर बोटभर गाळ, सीटच्या पत्र्यात मासे मेलेले, आणि ओली खूण सायलेन्सरच्या तोंडाच्याही वर.

मामंजी २०१६ ला गेले. हे इचलकरंजीला सूतगिरणीत, त्यामुळं शेती मीच बघते. आमच्याच भागातल्या एका गॅरेजवाल्यांना बोलावलं. त्या आठवड्यात दारोदार बुडालेले ट्रॅक्टर होते, सगळ्यांनाच घाई होती, हे मला कबूल आहे. त्यांनी चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं तिथलं, पाणी सोडलं, नवं ऑईल ओतलं आणि दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून टोचन करून रस्त्यावर ओढली. गिअर टाकून क्लच सोडल्याबरोबर आतून 'ठक्' असा एक बसका आवाज आला आणि मागची चाकं तशीच घासत गेली. मग कुठं त्यांनी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढले. दुसऱ्या सिलिंडरच्या भोकातून गढूळ पाण्याची चूळ उडाली. नोझल परत बसवले, परत ओढली, चालू झाली. घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या 'ठक्'चा अर्थ मला चार वर्षांनी कळला.

तेव्हापासून मॅसी सकाळी उठायला कुरकुर करायची. पांढरा धूर सोडायची, डिझेलचा वास डोळ्यांत जायचा, दहा-पंधरा मिनिटं लंगडत चालायची. तापली की त्यातल्या त्यात बरी. त्या गॅरेजात चार वेळा नेली. एकदा नोझल बदलले, एकदा फिल्टर, एकदा पंप खोलून आणला, एकदा सेल्फ. दर वेळी आठवडाभर बरं वाटायचं. २०२२ च्या दिवाळीनंतर नवंच दुखणं सुरू झालं. ऑईलची पट्टी काढावी तर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं. आणि इंजिन तापलं की ऑईल प्रेशरचा काटा खाली झोपायचा. तिथं सांगितलं गेलं की इंजिन संपलं, क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, ग्राइंड करावा लागेल, सगळं नवं पडेल, ८५ हजार धरा, नाहीतर भंगारात द्या. आणि हे सगळं माझ्याशी नव्हे, माझ्याबरोबर आलेल्या सतरा वर्षांच्या पुतण्याशी बोलले. पैसे माझ्या पिशवीत होते, ट्रॅक्टर मी चालवत आणला होता.

या मिस्त्रींचा पत्ता नणंदेच्या दिरांनी दिला. जानेवारीत एका दुपारी मॅसी घेऊन गेले. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. म्हणाले, "आज इथंच राहू दे. थंड इंजिन सकाळी मला ऐकायचंय. तुम्हीही सातला या." मला वाटलं होतं की काम पुढं ढकलायची ही रीत असेल. पण सकाळी सातला शेडमध्ये जे बघितलं त्यासाठीच हे सगळं लिहितेय.

सेल्फ मारला. नेहमीसारखी लंगडत, पांढरा धूर टाकत चालू झाली. मिस्त्रींनी पाना घेतला आणि पहिल्या नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल केला. डिझेल फसफसून बाहेर आलं आणि इंजिनचा आवाज एकदम पडला. नट आवळला, आवाज परत वर. मग मला म्हणाले, "आता दुसऱ्याचं ऐका." दुसऱ्याचा नट सैल केला. डिझेल तसंच फसफसलं, पण आवाजात काहीच फरक नाही. तिसऱ्याला परत फरक. "म्हणजे दुसरा सिलिंडर पगार खातोय, काम करत नाही. आता तो का करत नाही ते शोधायचं." पाच मिनिटांत, एका पान्यावर, एक रुपयाचा पार्ट न बदलता. त्याआधी चार वेळा पैसे भरले होते, आणि तीन सिलिंडरांतला नेमका कुठला आजारी आहे हे कुणीच बघितलं नव्हतं.

मग ऑईलची पट्टी काढली, नाकाशी धरली आणि माझ्याकडं दिली. डिझेलचा वास मलाही आला. पट्टीवरचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकला. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट पिवळं कडं पसरत गेलं. ते कडं डिझेलचं. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप खोलला तर आतल्या डायफ्रामला, म्हणजे पडद्याला, नखाएवढी चीर. टाकीतलं डिझेल त्या चिरेतून सरळ चेंबरमध्ये उतरत होतं. ऑईल वाढलं ते त्यामुळं, पातळ झालं म्हणून प्रेशर पडलं तेही त्यामुळंच. डायफ्राम, नवं ऑईल, ऑईल फिल्टर बसवलं. मजुरी साडेचारशे रुपये घेतली आणि म्हणाले, "आता घेऊन जा. ऊस जाईपर्यंत वापरा, जास्त ताण देऊ नका. इंजिन मेमध्ये खोलू. आज खोललं तर तुमचा हंगाम जाईल."

ज्या माणसाला ८५ हजारांचं काम आयतं चालून आलं होतं त्यानं साडेचारशे घेऊन मला परत पाठवलं. प्रेशरचा काटा त्याच दिवशी वर आला. तोवर मी क्रँकसाठी सोसायटीचं कर्ज काढायच्या विचारात होते.

मेमध्ये हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं तेव्हा मी तिथंच होते. ते कुणालाही जवळ उभं राहू देतात, हात लावायच्या आधी सांगतात, एवढंच. दुसऱ्या सिलिंडरच्या स्लीव्हला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीला, आतून गंजाचं कडं पडलेलं, बोट फिरवलं तर खरखर लागायचं. पुराच्या वेळी इंजिन जिथं थांबलं होतं तिथं त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा राहिला असणार, सायलेन्सरमधून पाणी थेट आत गेलं आणि आठ दिवस तिथंच बसलं. हे मला पटलं. पण मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. तिन्ही पिस्टन एकेक करून अगदी वर आणले आणि ब्लॉकच्या तोंडावर डायल गेज ठेवून उंची घेतली. पहिला आणि तिसरा सारखे. दुसरा खाली. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण गेजचा काटा दर वेळी तिथंच कमी थांबायचा. पिस्टन बाहेर काढला, पिस्टन क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड सपाट लोखंडी पाटावर ठेवला, तेव्हा दिसलं. रॉड वाकलेला होता.

"पाणी दबत नाही, वहिनी," ते म्हणाले. "हवा दबते. सिलिंडरमध्ये पाणी असताना गाडी ओढली तर पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, मग मधला रॉड वाकतो." तो 'ठक्' माझ्या कानात परत वाजला. नोझल आधी काढून इंजिन हातानं फिरवलं असतं तर पाणी भोकातून निघून गेलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं. तो राग अजून आहे. पुढच्या पुरात कुणाचा ट्रॅक्टर बुडाला तर कृपा करून आधी नोझल काढायला लावा, कितीही घाई असली तरी. आणि गाडी ओढू देऊ नका. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा मॅसी आम्ही आधीच वर पाहुण्यांच्या रानात नेऊन ठेवली होती, म्हणून वाचली.

आता क्रँक. ज्याच्या ग्राइंडिंगसाठी मला कर्ज काढायला लावलं असतं तो हा क्रँक. मिस्त्रींनी डिझेलनं धुऊन पुसला, मायक्रोमीटर घेतला आणि प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगात फिरणारा गोल भाग, दोन-दोन बाजूंनी मोजला. आकडे खडूनं शेडच्या पत्र्यावर लिहिले, शेजारी पुस्तकातले आकडे लिहिले आणि मला वाचायला लावले. झीज मापात होती. "दहा थाऊ ग्राइंड केला तर पैसेही जातील आणि क्रँकचं आयुष्यही. नुसतं पॉलिश करू, बेअरिंग नवी स्टँडर्ड घालू." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्या पत्र्यावरचे आकडे अजून आहेत, मध्यंतरी गेले तेव्हा बघितले, पावसानं थोडे पुसट झालेत.

ब्लॉक घेऊन आम्ही छोट्या टेम्पोनं कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. मी लहानपणापासून उद्यमनगरचं नाव ऐकत आले, ऑईल इंजिनं तिथली, पण आत पहिल्यांदाच गेले. गल्लीत एका दुकानात नुसते क्रँक, शेजारी नुसते हेड, पलीकडं कास्टिंगचे ढीग. जुन्या स्लीव्ह प्रेसखाली दाबून काढल्या, कच्च्या नव्या दाबून बसवल्या आणि मग बोरिंग मशीनवर चढवून ३.६ इंचाच्या मापाला बोअर केल्या. शेवटी होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणं. होनिंग झाल्यावर स्लीव्हच्या आत तिरक्या बारीक रेघांची जाळी दिसते, बांगडीवरच्या नक्षीसारखी. त्या रेघांमध्ये ऑईल धरून राहतं, म्हणून रिंगा बसतात. स्लीव्ह आरशासारखी गुळगुळीत करून दिली तर तिथूनच परत करा, हे मला त्या दिवशी कळलं.

एकच स्लीव्ह खराब होती तर तिन्ही का बदलायच्या, हे मी विचारलं. मला त्यांचं उत्तर आवडलं, कारण त्यांनी 'करावंच लागतं' असं म्हटलं नाही. तिन्ही पिस्टनचं वजन सारखं लागतं, जुन्या दोन स्लीव्हची झीज वेगळी आणि नवीची वेगळी झाली तर इंजिन परत लंगडणार. रॉडचंही तसंच. वाकलेला रॉड ठोकून सरळ करून देणारे आहेत, त्यांनी नको म्हटलं. एका जुन्या इंजिनातला चांगला रॉड मिळवला, तिन्ही रॉड पिशवीत घालून शेजारच्या किराणा दुकानात गेले आणि साखर मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक ठेवला. मिळवलेला रॉड काही ग्रॅमनं जड निघाला. परत शेडमध्ये येऊन ठरावीक जागी कानशीनं घासला आणि परत काट्यावर. तीन फेऱ्या झाल्या. दुकानदाराला सवय असावी, त्यानं मान वर करून बघितलंही नाही.

हेडचे वॉल्व्ह त्यांच्या पोरानं पेस्ट लावून हातानं घासले, दुपारभर. मग हेड कुशीवर ठेवून पोर्टमध्ये डिझेल ओतलं आणि चहा प्यायला बसले. चहा होईपर्यंत वॉल्व्हच्या कडेला ओल दिसली नाही तर वॉल्व्ह बसला. एकाला ओल दिसली, तो परत घासायला लावला. पोरगं वैतागलं होतं, पण घासला.

पार्टबद्दल त्यांची पद्धत अशी की ते स्वतः पार्ट आणत नाहीत. कागदावर यादी देतात, तुम्ही दुकानातून आणायचं, बिल तुमच्या नावावर. त्यात मधलं कमिशन कुणाला मिळत नाही. आणलेला पार्ट मात्र ते बसवायच्या आधी तपासतात आणि पटला नाही तर परत पाठवतात. माझा हेड पॅकिंगचा सेट परत पाठवला, त्यात तांब्याच्या वॉशरऐवजी भलतेच वॉशर होते. मला जयसिंगपूरला दुसरी खेप पडली, तेव्हा कंटाळा आला होता हे खरं. या इंजिनाचे पार्ट मिळतात हे आपलं नशीब. मूळ घडण इंग्लंडमधल्या पर्किन्सची, ती कंपनी मॅसी फर्ग्युसननं १९५९ मध्ये घेतली. आपल्याकडं ट्रॅक्टर बनवला चेन्नईच्या टाफेनं आणि इंजिन तिथल्याच सिम्पसननं. तीन सिलिंडरचं हे १५२ घनइंचाचं इंजिन इतकी वर्षं आणि इतक्या ठिकाणी वापरलं गेलं की स्लीव्ह-पिस्टनपासून पंपाच्या वायसरपर्यंत सगळं अजून मिळतं. चाळिशी गाठत आलेल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राबद्दल हे म्हणता येईल असं मला वाटत नाही.

पंप आणि नोझलचं काम मिस्त्री करत नाहीत, ते सांगलीला पाठवलं. रोटरी पंपाला वेगळं ऑईल नसतं, आतून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. त्या डिझेलमध्ये पाणी आलं की पंप आतून गंजतो. आमचा २०१९ ला खोलला होता म्हणून वाचला होता, फक्त वायसर आणि कॅलिब्रेशन लागलं. पंप-नोझल मिळून ६,४०० रुपये.

लिफ्टचं एक सांगायचं राहिलं. मागची अवजारं उचलणारी लिफ्ट उचलताना थरथरायची आणि ऑईल दुधाच्या चहासारखं झालेलं. मी पुराचं पाणी म्हणूनच धरून चालले होते, दोनदा ऑईल बदललंही होतं. मॅसीत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट सगळ्यांना एकच ऑईल, तीस-पस्तीस लिटरचा खर्च. मिस्त्रींनी रात्रभर उभी ठेवून सकाळी खालचा प्लग सैल केला. आधी नुसतं पाणी आलं, दोन तांबे तरी असेल, मागून ऑईल. मग गिअरच्या दांड्याखालचं रबर उचलून दाखवलं, ते सगळीकडून फाटलेलं. मॅसी अंगणात उघड्यावर उभी असते, पावसाचं पाणी दांड्यावरून ओघळत सरळ गिअरबॉक्समध्ये. साठ रुपयांचं रबर. तेवढ्यापायी मी सत्तर लिटर ऑईल फुकट घालवलं होतं. तुमच्या मॅसीचं ते रबर आजच बघा, आणि पावसाळ्यात दांड्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा.

सगळं मिळून ४६,७०० रुपये लागले, त्यात मिस्त्रींची मजुरी ११,०००. कच्ची चिठ्ठी मिळते, पक्कं बिल नाही. ज्यांना बिल लागतं त्यांनी आधी बोलून घ्यावं.

तक्रारी आहेत. पंधरा दिवस सांगून सत्तावीस दिवस लावले. मृगाचा पाऊस आला आणि आमची मॅसी अजून बाभळीखाली. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर भाड्यानं घ्यावा लागला, तो खर्च वेगळा. फोन उचलत नाहीत, हातात काम असेल तर अजिबातच नाही, जाऊनच बघावं लागतं. शेडमध्ये बायकांना बसायला जागा नाही, मी उलट्या बादलीवर बसायचे. सोय विचारली तर समोरच्या घरातल्या काकूंनी दार उघडलं, ते त्यांचं मोठेपण, गॅरेजचं नाही. वायरिंगला ते हात लावत नाहीत. आणि क्रँकच्या मागच्या टोकाचं, ऑईल अडवणारं दोरीचं सील नवं घालूनही क्लचच्या घंटीखाली ऑईलचा थेंब येतोच. दोनदा दाखवलं. "दोरी आहे, बसायला वेळ घेते," म्हणाले. दोन हंगामांत थेंब कमी झाला, थांबला नाही.

पण काम दिल्यावर जे केलं ते सांगते. पहिले पन्नास तास नांगर लावायचा नाही, हलकी सरी, रिकामी ट्रॉली चालेल, पण नुसती उभी करून तासन्‌तास चालू ठेवायची नाही, रिंगा बसत नाहीत, असं बजावलं. पंचवीस तास झाले की परत या म्हणाले. गेले. हेडचे नट क्रमानं परत आवळले, मधून बाहेरच्या बाजूला, आणि थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे वॉल्व्हवरची फट, बारा थाऊला लावले. फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, माझ्या हातात देऊन शेवटचे दोन मला लावायला लावले. पट्टी सरकली पाहिजे पण अडखळत, पोळीखाली उलथनं सरकतं तशी, हे माझं वर्णन आहे, त्यांचं नाही. पैसे घेतले नाहीत. बाकीच्या नोंदी मामंजींच्या वहीत आहेत. या मॅसीचं प्रत्येक ऑईल त्यांनी तारखेनिशी लिहिलेलं, २०१६ नंतरची पानं कोरी होती. तासांचा काटा कधीचाच बंद आहे, म्हणून मी रोज किती वेळ आणि काय काम ते लिहिते. ऑईल सव्वाशे तासांना. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑईल मात्र कुट्टीच्या दिवसांत रोज संध्याकाळी बघायचं, वाटीच्या तळाला पाचटाचा चिखल साचतो. डिझेल फिल्टरच्या खालून आठवड्याला पाणी सोडायचं. हे चारही मी स्वतः करते, कुणाला सांगत नाही.

सरी सोडताना पूर्वी तासाला पाच लिटरच्या वर डिझेल जायचं, आता चारच्या आत आहे. सकाळी पहिल्या सेल्फला उठते. पोह्यांचा रंग यावा तसा फिकट धूर एक मिनिट, मग काही नाही. पट्टीवर ऑईल वाढत नाही, फारसं कमीही होत नाही, सव्वाशे तासांत अर्धा लिटर टाकते. खंडेनवमीला पूजा करताना यांनी विचारलं, नवा घ्यायचा का? साडेपाच एकराला नव्या ट्रॅक्टरचे हप्ते कुठून भरणार, आणि का भरायचे? मॅसीचं ऐकू येतं, हाताला कळतं, पान्यानं उघडता येतं.

त्या पहिल्या गॅरेजात मी भांडायला गेले नाही. फक्त वाकलेला रॉड घरी घेऊन आले, तो गोठ्याच्या खिडकीत ठेवलाय. कुणी बुडालेल्या ट्रॅक्टरचं विचारायला आलं की तो हातात देते.

आता स्टिअरिंगचं काम राहिलंय. चाक पाव फेरा नुसतंच फिरतं, मगच टायर वळतं. बॉक्स खोलावा लागेल का नुसत्या जोडांवर भागेल हे मिस्त्रींनी अजून सांगितलेलं नाही. ऊस गेला की एप्रिलमध्ये मॅसी घेऊन जाणार आहे. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी ते बंद ठेवतात. आणि सकाळी सातला पोचा, थंड इंजिन घेऊन.